दुखणं माझं, आत सासूबाई

— नाही नाही, तुम्ही ती आखडलेली मान वळवू नका, अजिबात नको, आहात तसेच त्या प्लास्टिकच्या सांगाड्याकडे बघत राहा. मला काही वाटत नाही. दुकानात काच कापताना मीही गिऱ्हाइकाकडे पाठ करूनच गप्पा मारते. फोटोंच्या चौकटी करते मी, फ्रेमचं दुकान आहे माझं. नुसतं हुं केलंत तरी मला कळेल. — हं, असं. — तर तुम्ही विचारलंत, आत कोण आहे. विचारलंत ना? डोळे दाराकडे नेलेत, म्हणजे विचारलंतच. आत आमच्या सासूबाई आहेत. छे हो, त्यांना काही झालेलं नाही. दुखणं माझं. माझी कंबर. पण नाव पुकारलं तशा त्याच उठल्या, पर्स काखेत मारली आणि मला म्हणाल्या, ‘तू बस. मी आधी माणूस बघून येते.’ माणूस बघून येते! काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, ‘आजी, पेशंट कोण?’ तर म्हणतात कशा, ‘ते आपण नंतर ठरवू.’ आणि गेल्या आत, दार लावून घेतलं. आता मी काय करणार? बसलेय. तुमचा नंबर आमच्यानंतर ना? मग तुम्हीही बसा निवांत. त्यांना वेळ लागतो. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, समोरच्याचा नुसता आवाज ऐकला की त्याच्या घरात कोण कोण आहे, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं काढून घेतात. तो डॉक्टर आत्ता स्वतःची माहिती देत बसला असेल बिचारा.

तुम्ही पहिल्यांदाच का इथे? — म्हणजे दोघंही नवखे. कडकन आवाज येतो म्हणे. आमच्या दिरांनी सांगितलं. ते नेमाने येतात इथे, गाडीचं सर्व्हिसिंग करावं तसे. ‘वहिनी, एकदा पाठ मोकळी करून घ्या, पिसासारखं वाटतं.’ मी म्हटलं, पिसासारखं वाटून मला काय करायचंय, मला उडायचंय थोडंच? — कायरोप्रॅक्टर म्हणतात यांना. मला आता सरळ म्हणता येतं, आधी जीभ अडकायची. आमच्या आई — सासूबाईंना मी आईच म्हणते — त्या तर ‘काय-रे डॉक्टर’ म्हणतात. काय-रे डॉक्टरकडे जायचं, काय-रे डॉक्टरची वेळ घेतलीस का. आत गेल्यावर तोंडावर तसं म्हणाल्या नसल्या म्हणजे मिळवली.

कंबरेला काय झालं? सांगते, पण हसू नका, मान दुखेल तुमची. मी वजनं उचलते. — बघा! तरी म्हटलं होतं. — खरंच उचलते हो. म्हणजे उचलत होते. बार, त्याला दोन्हीकडून लोखंडी चकत्या, खाली वाकायचं आणि उचलायचं. या वयात! असं तुम्ही नाही म्हणालात, पण बाकी सगळे म्हणाले. त्याचं असं झालं, पन्नाशी उलटल्यावर आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं ठिसूळ व्हायला लागली आहेत, वजन उचलत जा. मी म्हटलं, काचा उचलतेच की दुकानात. त्या म्हणाल्या, काचा नव्हे, वजन. आता आमच्या मागच्या रस्त्यावर एक जिम आहे, टायरच्या दुकानावर — जिना चढेपर्यंत नाकात रबराचा वास जातो — तिथे गेले. आधी त्या चालायच्या पट्ट्यावर चालले. चालते चालते, आणि आहे तिथेच. मला असला वेडेपणा जमत नाही. तेवढ्यात कोच आली. कोच म्हणजे एक मुलगी आहे, बारीक चणीची, केस वर बांधलेले, बघून वाटणार नाही की ही पाण्याची बादली तरी उचलेल. म्हणाली, ‘काकू, हे राहू द्या, इकडे या.’ नुसता बार दिला हातात. मग हळूहळू त्यावर चकत्या. आणि एक दिवस तो बार जमिनीवरून सुटला ना — मी इकडेतिकडे बघितलं, दुसऱ्याच कुणी उचलला की काय म्हणून! दुसरं कुणी नव्हतं. मीच होते. घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते रस्त्याने. लोकांना वाटलं असेल, बाईचं काहीतरी बिनसलंय.

मग आई म्हणाल्या, ‘तू संध्याकाळची तिकडे मजा करतेस, मी काय घरी भिंतीशी बोलू?’ झालं. त्याही यायला लागल्या. खिडकीपाशी एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर विणकाम घेऊन बसायच्या. पहिले काही दिवस विणकाम झालं. नंतर लोकर तशीच मांडीवर आणि डोळे आमच्यावर. कोचचे सगळे शब्द पाठ केले त्यांनी. ‘गुडघे बाहेर! छाती वर! श्वास कुठे गेला तुझा?’ — आणि तो आवाज, हो, ऑपरेटरचा आवाज, पूर्वी तो तारेतून परगावी जायचा, इथे तर भिंतींनाच आपटायचा! दंडाच्या बेटकुळ्या काढून आरशात बघणारे एक गृहस्थ होते, त्यांनी तर घाबरून हातातलं वजन खाली ठेवलं एकदा. सगळे त्यांना ‘पंच’ म्हणायला लागले. पंचांनी मान डोलावली तर उचललं, नाहीतर परत. स्कूलबस चालवणारी एक बाई यायची, ती म्हणायची, ‘पंच आल्याशिवाय मी सुरूच करत नाही.’ आणि आई अशा फुलायच्या! घरी परत जाताना रस्ताभर कुणाचा पाय कसा पडला, कुणाची पाठ वाकते, कुणाला काही येत नाही, नुसता डौल आहे...

आमचे मास्तर — माझा नवरा हो, शाळेत भूमिती शिकवतात — त्यांचा दुसरा विषय काळजी. शिक्षण भूमितीत, पण खरा हात काळजीत. ‘अगं, मणका आहे तो, खांब नव्हे.’ रोज. मी त्यांच्या वजनापेक्षा जास्त उचललं त्या दिवशी मात्र गुपचूप वजनकाट्यावर उभे राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून साखर सोडली. काय समजले कुणास ठाऊक! त्यांना वाटलं असेल, कधीतरी ही मलाच उचलून बाजूला ठेवेल.

तर, मग — हो, कंबर. मग एक दिवस डेडलिफ्ट करताना — म्हणजे तेच, खाली वाकून उचलायचं आणि सरळ उभं राहायचं — तर ते करताना कुठेतरी चुकलं असणार, आणि भरली उसण. सकाळी पलंगावरून उठायला गेले तर कंबर म्हणाली, नाही. तुमची मान आज तुम्हाला जे म्हणतेय तेच. कूस बदलता येईना, शिंकेची तर अशी धास्ती की मास्तरांनी घरातली मिरपुडीची बाटली शेजारी नेऊन दिली. उशा लावताना कोन बघत होते माझ्या गुडघ्याखाली. मग डॉक्टर झाले, मणक्याचा फोटो झाला. मोठं काही निघालं नाही. वयाप्रमाणे झीज आहे म्हणाले, केस पिकतात तसे मणकेही पिकतात, त्याचं काही वाटून घेऊ नका. फिजिओबाईंकडे पाठवलं. त्या फार चांगल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘पडून राहू नका. पडून राहिलेली कंबर लाडावते.’ चालायला लावलं, उताणं झोपून पाय हलवायला लावले, मग भिंतीला टेकून उठाबशा. आणि पुढे म्हणाल्या, ‘आता रिकामा बार घेऊन जिममध्ये सुरुवात करा. हळूहळू वाढवा. तुमच्या कंबरेला वजनाची सवय होती, तिला ती आठवू द्या.’

पण मास्तर! मास्तर म्हणाले, जिम बंद. म्हणजे मला बंद. माझे ते सपाट तळव्याचे बूट माळ्यावर टाकून दिले, जणू काही बुटांनीच केलं. मी म्हटलं, अहो, फिजिओबाई हो म्हणतात. ते म्हणाले, त्यांची कंबर आहे का ती? आणि दीर त्यांच्या बाजूने. दीर म्हणाले, व्यायामबियाम नंतर, आधी कायरोप्रॅक्टरकडे जा, मणका सरकला असेल तर तो आधी जागेवर बसवून घ्या. मी फिजिओबाईंना विचारलं, मणका सरकतो का हो? त्या हसल्याच. म्हणाल्या, ‘खणासारखा सरकत नाही तो. काहींना त्या झटक्यांनी बरं वाटतं, चार दिवस मोकळं वाटतं, खोटं कशाला सांगू. जायचं तर जा. फक्त आधी सगळं नीट विचारतात का, तपासतात का ते बघा. मानेला झटका देऊ देऊ नका. आणि जन्मभर दर आठवड्याला या म्हणाले तर विचारा, का?’ — तुम्हाला नाही हो म्हणत मी! तुमच्या मानेचं तुमच्या डॉक्टरांना माहीत. — पण विचारा आपलं. विचारायला काय जातंय. — हुं. — नाही, घाबरू नका. घाबरलं की मान आणखी आखडते.

तर म्हणजे बघा, एकीकडे फिजिओबाई, उचला म्हणतात. दुसरीकडे मास्तर आणि दीर, उचलू नका म्हणतात, बसवून घ्या म्हणतात. आणि मी मधे, दुकानात उंच स्टुलावर बसून चौकटींना मागून खिळे मारते. मनातल्या मनात मास्तरांशी भांडते. म्हणते, अहो, जिमचा काय दोष? बार कसा सरळ असतो. मधोमध धरता येतो. दोन्हीकडे सारखं वजन. तो ओला नसतो, त्याला साबण लागलेला नसतो, उचलताना तो ‘अगं सोड, पाडशील मला’ म्हणून ओरडत नाही—

—

काही नाही. बोलता बोलता आपलं.

तुम्ही हुं नाही केलंत. — आत्तापर्यंत प्रत्येक वाक्याला करत होतात, आताच का नाही केलंत? — कळलं वाटतं. — हुं करा बघू. — अरे देवा.

बरं, ऐका आता. पण तुमच्यापाशीच ठेवायचं. काय काम करता तुम्ही? ही पिशवी, हे पाने — नळदुरुस्ती? मग झालं तर. तुम्ही लोकांच्या न्हाणीघरापर्यंत जाता, तोंड मिटून ठेवायची सवय असणारच. — जिममध्ये काही झालं नव्हतं हो. जिममध्ये त्या दिवशी मी गेलेच नव्हते. दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी आले, चप्पल काढतेय तोवर न्हाणीघरातून धपकन आवाज. मास्तर शाळेत. धावले. कडी लावायची नाही एवढं एक त्या मास्तरांचं ऐकतात म्हणून बरं. बघते तर आई खाली बसलेल्या, भिंत आणि कमोडच्या मधे, अंगभर साबण, अंगावर एक चिंधी नाही, आणि चेहरा असा रागावलेला की जसं काही मीच पाडलं. ‘बघत काय उभी राहिलीस, टॉवेल दे!’ मी म्हटलं, शेजारच्यांना हाक मारू? तर म्हणाल्या, ‘खबरदार! या वेषात मी शेजाऱ्यांना भेटणार नाही.’ आता सांगा. हसू की रडू? लागलं का, कुठे दुखतंय का, पाय हलतोय का, सगळं विचारून घेतलं. काही नव्हतं, कोपर खरचटलं होतं नुसतं. मग काय, उचललं. जागा एवढीशी, पाय ठेवायला धड जमीन नाही, फरशी निसरडी, एक हात त्यांच्या काखेत, एक नळाला, कंबर पिळलेली. आणि त्या ओरडतायत. पण सांगू का, उचलल्या गेल्या! ती पोरगी इतके दिवस घसा फोडून सांगत होती ना, पायांनी उचला, पायांनी, ते सगळं त्या क्षणी आपोआप आलं. शिकले नसते तर मास्तर येईपर्यंत दोघी तिथेच साबणात बसून राहिलो असतो. त्यांना उभं केलं आणि तेव्हा माझ्या पाठीत काहीतरी उसवलं. शिवण उसवते ना, तसं.

पुसून, कपडे घालून, पलंगावर बसवलं तर पहिलं वाक्य काय? ‘बाळला सांगायचं नाही.’ बाळ म्हणजे मास्तर. डोक्यावर एक काळा केस नाही, पण बाळ. आता का सांगायचं नाही, तर मास्तर आधीपासूनच म्हणत होते, आईला दिवसभर एकटं ठेवायला नको, सोबतीला बाई ठेवू, नाहीतर भावाकडे पाठवू, त्यांच्याकडे लिफ्ट आहे, नर्स खालच्याच मजल्यावर राहते. आणि आईंना दिरांच्या घराचं नाव काढलं तरी... तिथे सगळं गुळगुळीत आहे हो, कुणी मोठ्याने बोलत नाही. आई तिथे कोमेजतात. मी म्हटलं, नाही सांगत. मी कशाला सांगू? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाकडासारखी पडलेली, मास्तर विचारतायत, अगं काय झालं, कशाने झालं, मी तोंड उघडणार तेवढ्यात दारातून तो आवाज. ‘जिममध्ये झालं.’ एकदम स्पष्ट. जसा काही परगावचा फोन जोडून दिला. आणि मी? मी म्हटलं, हो, जिममध्ये. दुसरं काय म्हणणार होते? त्या दारात उभ्या होत्या, एक हात चौकटीला धरून, आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

त्यानंतर आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोललेलो नाही. तेव्हापासून आजपर्यंत. एका घरात, रोज, सगळ्या जगावर बोलतो, त्यावर नाही. त्या रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी भरून आणतात, माझ्या कंबरेखाली ठेवतात आणि ठेवल्यावर हात लगेच काढत नाहीत. तेवढंच. आणि जिमची वेळ झाली की खिडकीशी जाऊन बसतात. खिडकीतून काय दिसतं, तर समोरची भिंत. लोकर मांडीवर. पंचांना काम नाही ना आता. मला बंद म्हणजे त्यांनाही बंद, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं तेव्हा.

आणि ती कोच! ते मला फार लागलंय हो. मास्तरांनी तिला फोन करून चार शब्द सुनावले. मग ती आली घरी, फुलं घेऊन, डोळे सुजलेले. ‘काकू, माझंच चुकलं, आदल्या दिवशी मी तुम्हाला घाई केली.’ मी म्हटलं, नाही गं बाई, तुझी काही चूक नाही. तर तिला वाटलं मी मोठ्या मनाने म्हणतेय! आणखीनच रडली. मग ऐकलं की तिने माझ्या वयाच्या सगळ्या बायकांना वजनं बंद केली, नुसत्या रबराच्या पट्ट्या ओढायला लावते. बसवाली बाई रस्त्यात भेटली, म्हणाली, ‘ताई, तुमच्या कंबरेने आमचा बार गेला.’ चेष्टेने म्हणाली, पण खरं बोलली. आता सांगा, मी काय करू? खरं सांगितलं तर आईंना दिरांकडे पाठवतील. नाही सांगितलं तर ती पोरगी उगाच— अहो, अहो, पिशवी! तुमची पिशवी सरकली खुर्चीवरून, थांबा, तुम्ही वाकू नका, मान आहे तुमची, मी देते. — हं. — घ्या. काय भरलंय हो यात, आख्खी टाकी? हा पाना एकटाच केवढा! राहू दे, इथे पायाशी ठेवते. — तर काय सांगत होते, ती पोरगी उगाच स्वतःला बोल लावत बसलीय, आणि मी रोज म्हणते, आज जाऊन सांगते, आज जाऊन सांगते, आणि रोज—

थांबा.

मी आत्ता वाकले?

तुम्ही बघितलंत? — नाही, तुम्ही कसे बघणार, तुम्ही सांगाड्याकडे बघताय. — वाकले हो मी. उचलली. ही एवढी पिशवी. आणि बोलतच होते! काही झालं नाही. थांबा, नीट बघते. — नाही. काही नाही. उजवीकडे पण नाही.

खरं सांगू? आता सुरुवात झालीच आहे तर सांगूनच टाकते. दुखत नाहीय मला. बरेच दिवस झाले, दुखत नाही. पहिले काही आठवडे दुखलं, भरपूर दुखलं, मग कमी कमी होत गेलं आणि एक दिवस बघितलं तर नव्हतंच. तरी मी वाकत नाही. खाली काही पडलं की मास्तरांना सांगते. दुकानात मोठी काच आली की ठेवून देते, उद्या बघू. घरी सगळ्यांना वाटतं दुखतंय, मीही वाटू देते. म्हणून तर इथे आले. म्हटलं, एकदा यांनी कडकन आवाज काढला, आणि पांढऱ्या कोटातला माणूस म्हणाला, झालं बाई, बसला तुमचा मणका, जा आता, की मग मी मोकळी. मला आवाज हवा होता हो. कुणीतरी शिक्का मारून द्यायला हवा होता. भीती वाजवून घालवतात का, तुम्हीच सांगा?

आणि भीती बाराची नाही. तुम्हाला वाटेल बाराची. नाही. बार खाली टाकता येतो. नाही झेपला, सोडून दिला, मोठ्ठा आवाज होतो, सगळे बघतात, संपलं. आईंना नाही टाकता येत. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. परत पडल्या, आणि मी वाकले, आणि नाही उचललं गेलं तर? एकदा उचलल्या. पण आता ही कंबर. म्हणून वाकायचंच नाही. वाकलंच नाही तर कळणारच नाही ना, उचलता येतं की नाही ते. काय शहाणपण! इतके दिवस हे मी कुणाला... मास्तरांनासुद्धा... तुमची मान आखडलेली बरी, तोंडाकडे बघत असतात तर एक अक्षर बोलले नसते.

— शू. — ऐकलंत? आतून. आईंचा आवाज. दार लावलंय तरी येतोच, सांगितलं ना तुम्हाला, परगावी पोचायचा. थांबा, हुं करू नका, ऐकू दे. — ‘मी पडले होते’ म्हणाल्या? — असंच म्हणाल्या ना? — ‘तिला मी उचलायला लावलं.’ — शू. — ‘ती तोंड उघडणार नाही. तिला मी ओळखते. म्हणून आधी मी आले.’

अगं बाई. — म्हणून आधी गेल्या त्या. मला वाटलं माणूस बघायला.

रुमाल आहे का हो? — नाही, नको, त्या फडक्यात तुम्ही पाना गुंडाळता, राहू द्या. पदर— ओढणी आहे माझी. मी रडत नाहीये. मला हसू येतंय, हसताना पाणी येतं माझ्या डोळ्यांतून, लहानपणापासून.

आल्या. आल्या बघा. — आई, या, बसा. काय म्हणाले डॉक्टर? — हो, बसते मी पण. — हे आपले नळवाले, मान आखडलीय त्यांची, आमच्या जरा गप्पा चालल्या होत्या. — कसल्या म्हणजे? काही नाही, हवापाण्याच्या. — काय? — डॉक्टर असं म्हणाले? ‘दुखत असेल तर तपासतो, सगळे कागद बघतो, मगच हात लावायचा की नाही ते सांगतो. दुखत नसेल तर मी बसवू काय?’ — चांगला माणूस दिसतो, आई. — पण थांबा, दुखत नाही हे त्यांना कुणी सांगितलं? — तुम्ही? — तुम्हाला कुणी... — अच्छा. रात्री कूस बदलताना मी कण्हत नाही आता. भिंतीपलीकडून ऐकता? ऑपरेटर त्या ऑपरेटरच! — म्हणजे माहीत होतं तुम्हाला, मग इथे कशाला आणलंत मला? — हं. — हं. — माझ्यासाठी नाही. स्वतःसाठी. तोंडातून काढायला कुणीतरी परका माणूस पाहिजे होता म्हणून.

कळतंय, आई. — कळतंय मला. आत्ताच कळलं, थोड्या वेळापूर्वी.

मास्तरांना? मास्तरांना कसं— फोन केलात? आतून? डॉक्टरांच्या टेबलावरून? — अहो आई! शाळेच्या वेळेत! काय म्हणाले? — ‘आई, तुला लागलं नाही ना?’ — आणि तुम्ही काय म्हणालात? — ‘मला लागलं नाही, तुझ्या बायकोला लागलं, आणि तिचे बूट माळ्यावरून काढून ठेव.’ — आई, असं म्हणालात? — आणि दिरांकडे जायचं? — ‘जाणार नाही म्हणून सांगितलं. पडणार नाही असं नाही सांगितलं. उठायला शिकेन म्हणून सांगितलं.’ — उठायला म्हणजे? — डॉक्टर म्हणाले? पायांत जोर हवा म्हणाले? खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, मग हळूहळू जमिनीवरून? — आत्ता? इथे? आई, नको, घरी जाऊन करा, लोक बघतायत — तुम्ही बघू नका हो, म्हणजे तुम्हाला बघताच येत नाही म्हणा — आई, टेकवा हात, टेकवा, पहिल्याच दिवशी नको — नाही टेकत. ऐकायचंच नाही. — थोडं पुढे झुका. पाय जरा मागे घ्या. — आणखी. — ए उठल्या! उठल्या हो! — बघा, काउंटरवरच्या बाई टाळ्या वाजवतायत तुम्हाला. — मी धरलं नाही. शपथ. बोटसुद्धा लावलं नाही.

अहो, तुम्हाला बोलावतायत. हो, तुम्हालाच, आमचं झालं. आम्ही आज दाखवत नाही, परत दुखलं तर येऊ, तेव्हाचं तेव्हा. आज जिम उघडी असेल, बार रिकामाच घेईन, चकती एकसुद्धा नाही, फिजिओबाई म्हणाल्या तस्संच. तुम्ही उठा बघू, सावकाश, सगळ्या अंगाने वळा, मान एकटी वळवू नका. पिशवी राहू द्या, इथे कोण नेतंय एवढं लोखंड! आणि आत विचारा हं, आधी तपासता का म्हणून. — बरं बरं, नीट जा.

आई, चला. पर्स घेतलीत? आधी कोचकडे जायचं. तिला मी नीट समजावून सांगते, म्हणजे आधी फुलांपासून सुरुवात करते, म्हणजे तिला धक्का नको बसायला, मग तुमच्या पडण्याचं— काय? — मी नाही बोलायचं? — ‘तू आता गप्प बस. तिथे मी बोलणार.’

बरं.